खारपाणपट्ट्यात डोकं धुतल्यावरही केस राठ आणि मेणचट राहतात: कारण, तपासणी, उपाय

विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर या बाजूला, केसांची एक तक्रार वर्षानुवर्षं फिरून फिरून येते. डोकं धुतलं त्याच दिवशी केस मुळाशी मेणचट आणि टोकाशी राठ लागतात. कंगवा अडकतो. कंगव्याच्या दातांत पांढुरकं काहीतरी साठतं आणि घरोघरी त्यालाच कोंडा समजतात. "ताई, शाम्पू बदलला, तेल बदललं, तरी केस खराट्यावानीच हायेत. काय करावं समजूनच नाही राहिलं मले." असं कोणी सांगितलं की केसांना हात लावायच्या आधी मी एकच विचारते, डोकं कोणत्या पाण्याने धुता?

उत्तर बहुतेक वेळा "बोअरच्या" किंवा "हिरीच्या" असंच येतं. आमच्याकडे नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, पण रोज येत नाही. म्हणून ते पिण्याला आणि स्वयंपाकाला राखून ठेवतात. आंघोळ, धुणं, भांडी सगळं बोअरवर. माझ्या पार्लरमध्ये धुतलेले केस मऊ होतात आणि तोच शाम्पू घरी नेला की होत नाहीत, याचं कारण एवढंच की मी शेवटची धुलाई नळाच्या पाण्याने करते.

रसायनशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. केलं, म्हणून या प्रश्नाच्या मुळाशी जाता आलं. कापूस वेचून मिळालेली मजुरी एकामागून एक बाटल्यांवर जाताना दिसते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. बहुतेक घरांत या दुखण्याचा उपाय बाटलीत सापडत नाही, कारण दुखणं बादलीत आहे.

आधी खात्री करून घ्या

एक लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत पावभर बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच पावसाचं, आरओचं किंवा धरणाच्या नळाचं. दोन्हींत आंघोळीच्या साबणाचा नखाएवढा किस टाका, झाकण लावा, सारखंच हलवा आणि पाच मिनिटं ठेवा. दुसऱ्या बाटलीत फेस टिकला आणि पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं, पण बोअरच्या बाटलीत फेस बसला आणि दुधाळ पाण्यात पांढऱ्या गाठी तरंगू लागल्या, तर तुमचं पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत. त्या पांढऱ्या गाठी तेच आहेत जे तुमच्या केसांवर बसतं.

यात एक काळजी घ्या. चाचणीला खरा साबण हवा, ज्याच्या वेष्टनावर 'सोडियम पामेट' किंवा 'सोडियम टॅलोएट' अशी नावं असतात. भांड्याच्या लिक्विडने किंवा शाम्पूने केली तर जड पाण्यातही फेस येईल आणि तुम्ही फसाल.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या मीटरवर विसंबू नका. फिल्टर विकणारा माणूस तो मीटर पाण्यात बुडवून मोठा आकडा दाखवतो आणि आपण घाबरतो. तो मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतो. विरघळलेला क्षार मिठाचा आहे की चुन्याचा, हे त्याला कळत नाही. केसांसाठी प्रश्न कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा आहे. चवीला खारट पाण्यात मुख्यतः सोडियम आणि क्लोराइड असतं. आमच्या पट्ट्यात दोन्ही बऱ्याचदा एकत्र सापडतात, पण नेहमीच नाही. काही बोअरचं पाणी खारट असूनही फारसं जड नसतं, आणि काही विहिरींचं गोड लागणारं पाणी साबणाला फेसच येऊ देत नाही.

नेमका आकडा हवा असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. जलजीवन मिशनमध्ये गावपातळीवर पाणी तपासण्याचे संच दिले आहेत आणि ते वापरायला गावातल्याच महिलांना शिकवलं आहे. त्यात जडपणा, म्हणजे अहवालात लिहितात ती 'एकूण कठीणता', तपासता येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही नमुना देता येतो. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. ही मर्यादा पिण्यासाठीची आहे. केसांना त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो.

साबण नेमका कुठे जातो

साबण म्हणजे तेलातल्या स्निग्धाम्लांचा सोडियम क्षार. तो पाण्यात विरघळतो, मळ आणि तेल सोडवतो. पाण्यात कॅल्शियम असला की तो सोडियमची जागा घेतो आणि कॅल्शियमचा साबण तयार होतो. हा पाण्यात विरघळत नाही. ना फेस देतो, ना मळ काढतो, नुसता चिकटतो. बादलीच्या कडेला जो पांढरट-करडा थर नखाने खरवडावा लागतो तो हाच.

थोडा हिशेब करा. पाण्याची कठीणता लिटरमागे ५०० मिलिग्रॅम धरली तर एका लिटरमधलं सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम संपायला सुमारे ३ ग्रॅम साबण खर्च होतो. २० लिटरच्या बादलीला हा आकडा ६० ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीचा अर्ध्याहून जास्त भाग. अख्ख्या बादलीत कोणी साबण कालवत नाही, हे खरं. पण डोक्यावर साबण चोळून झाल्यावर आपण एकेक तांब्या ओतत जातो, आणि प्रत्येक तांब्याबरोबर नवा कॅल्शियम केसांवरच्या साबणाला भेटतो. म्हणजे हा थर साबण लावताना कमी आणि धुऊन काढताना जास्त तयार होतो. "दहा तांबे ओतले तरी बुळबुळीत जात नाही" असं बायका सांगतात ते याच कारणाने. त्या पाण्याचे तांबे वाढवून थर जात नाही.

दुसरी गोष्ट सामूची, म्हणजे पीएचची. साबणाच्या पाण्याचा सामू ९ ते १० असतो. टाळूचा साधारण ५.५, आणि केसाचा त्याहून कमी. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, त्याच्यावरची खवल्यांची चादर उघडते, केस एकमेकांत अडकतात आणि उघड्या खवल्यांत कॅल्शियमचा साबण जाऊन बसतो. साधारण ३.७ सामूच्या वर केसाच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, आणि सामू जितका चढतो तितका तो वाढतो. कॅल्शियमवर धन प्रभार असतो, त्यामुळे साबण नसला तरी तो थोडाफार केसाला धरतोच. ज्यांनी केस ब्लीच केले आहेत किंवा वारंवार डाय लावतात त्यांच्या केसांत कॅल्शियम जास्त शिरतो, कारण त्या प्रक्रियेत केसावर ऋण प्रभाराच्या जागा वाढतात.

वेष्टन वाचायला शिका

अक्षरं बारीक आणि नावं इंग्रजीत असतात. शाळेत जाणाऱ्या पोरीकडून पहिली पाच-सहा नावं वाचून घ्या, तेवढं पुरतं. घटक जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहिलेले असतात आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. म्हणून पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असलेलं बदाम किंवा कोरफड मागच्या यादीत कुठे आहे, हे जरूर बघा. सुगंधाच्याही नंतर असेल तर ते नावापुरतंच आहे.

सगळ्यात मोठी फसगत 'शिकेकाई साबणा'ने होते. आमच्याकडे कितीतरी घरांत डोक्याला तीच वडी लावतात, आणि "मी शाम्पू लावतच नाही, शिकेकाईच वापरतो" असं विश्वासाने सांगतात. त्या वडीची यादी वाचा. सुरुवातीला सोडियम पामेट, सोडियम कोकोएट किंवा सोडियम पाम कर्नेलेट असेल तर तो साबणच आहे आणि जड पाण्यात साबणासारखाच वागणार. शिकेकाईचा अर्क त्याला वाचवू शकत नाही.

खऱ्या शिकेकाईची गोष्ट वेगळी. शिकेकाईच्या शेंगांत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे फेस आणणारे पदार्थ असतात. त्यांच्या रेणूला साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात आणि कॅल्शियमबरोबर त्यांचा साबणासारखा चिकट साका होत नाही. शिवाय शिकेकाईचं पाणी थोडं आम्लधर्मी असतं. म्हणून आपल्या आज्यांचे केस याच विहिरींच्या पाण्यावर बरे राहायचे. शेंगा उकळून, गाळून वापरत असाल तर खुशाल वापरा. फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि नीट गाळा, नाहीतर भुसा केसांत अडकतो.

साबणाच्या वेष्टनावर टीएफएमचा, म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थाचा टक्का असतो. ७६ किंवा त्याहून जास्त म्हणजे पहिल्या प्रतीचा टॉयलेट साबण, ७० दुसरी प्रत, ६० तिसरी. 'बेदिंग बार' म्हणून जी वडी विकतात तिला किमान ४० लागतो. जास्त टीएफएम म्हणजे वडीत खरा साबण जास्त आणि भरताड कमी. अंगासाठी हा चांगला निकष आहे. मात्र जड पाण्यात जास्त टीएफएमचा साबणही तितकाच फाटतो, तेव्हा केसांच्या प्रश्नावर महागडी वडी हा उपाय होत नाही.

शाम्पूत साबण नसतो. त्यात सोडियम लॉरेथ सल्फेट किंवा सोडियम लॉरिल सल्फेट, जोडीला कोकामिडोप्रोपिल बीटेन असतं. यांतलं लॉरेथ जड पाण्यात जास्त तग धरतं, कारण त्याच्या रेणूत मधे जोडलेल्या कड्यांमुळे कॅल्शियमने त्याचा साका सहजी होत नाही. लॉरिल थंड आणि फार जड पाण्यात थोडं मागे पडतं. 'सल्फेट म्हणजे विष' असं मोबाइलवर फार फिरतं. आमच्या पाण्यासाठी मी लॉरेथवाला साधा शाम्पूच सुचवते, एक-दोन रुपयांच्या पुडीतलाही चालतो. ज्यांची टाळू चुरचुरते त्यांनी सौम्य शाम्पू घ्यावा, ते वेगळं.

आता ईडीटीए. शाम्पूच्या यादीत शेवटाकडे डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए दिसतं. हा पदार्थ कॅल्शियमला धरून ठेवतो हे खरं, आणि तेवढ्यावर 'जड पाण्यासाठी खास' अशी जाहिरात होते. साध्या शाम्पूत तो ०.१ टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे १० मिली शाम्पूत १० मिलिग्रॅम, आणि तेवढा ईडीटीए जेमतेम ३ मिलिग्रॅम कठीणता बांधतो. तुमच्या एका लिटरमध्ये ती ५०० आहे. साध्या शाम्पूत त्याचं काम बाटलीतला माल टिकवण्याचं असतं. 'चिलेटिंग', म्हणजे कॅल्शियमला बांधणारे म्हणून विकले जाणारे शाम्पू यापेक्षा जास्त प्रमाण घेऊन येतात आणि साठलेला थर काढायला अधूनमधून कामाला येतात, पण रोजच्या धुण्याला त्यांची गरज नाही.

डोकं असं धुवा

साबणाची वडी डोक्यावरून कायमची उतरवा. हा पहिला बदल, आणि बहुतेक घरांत अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

धुण्याच्या तासभर आधी किंवा आदल्या रात्री केसांच्या लांबीला खोबरेल तेल लावा. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतं. रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसातल्या प्रथिनांचं नुकसान कमी झालं. खनिज तेलाने आणि सूर्यफुलाच्या तेलाने ते झालं नाही. बाजारातल्या बऱ्याच सुगंधी 'बदाम' तेलांच्या यादीत पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन असतं, ते हेच खनिज तेल. त्याने चमक येते, केस सुटतात, पण आत काही जात नाही.

आपल्याकडे घरचं जवसाचं तेल असतं म्हणून काहीजणी तेच लावतात. ते खायला उत्तम आहे. केसांना लावू नका. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होत जातं, म्हणूनच ते रंगात आणि वार्निशमध्ये वापरतात. केसांवरही ते तसंच चिकट होतं आणि वास मारतं.

शाम्पू थेट टाळूवर न ओतता मगभर पाण्यात फेसाळून घ्या आणि फेस टाळूला चोळा. तेल जास्त असेल तर दोनदा. हे सगळं बोअरच्या पाण्यानेच करा, काही बिघडत नाही. तो फेसही बोअरच्याच पाण्याने धुऊन काढा.

त्यानंतर लिंबाचं पाणी. बादलीभर बोअरच्या पाण्यात एक लिंबू पिळून काहीच होत नाही, आणि बहुतेकजणी तेच करून "लिंबाने फरक नाही पडत" म्हणतात. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते लिंबाचं आम्ल खाऊन टाकतं. एका कागदी लिंबात अंदाजे एक ग्रॅम सायट्रिक आम्ल निघतं. तेवढं एका लिटर बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट संपवून सामू ५ च्या आसपास आणायला साधारण पुरतं. बादलीच्या २० लिटरला ते कुठेच पुरत नाही. म्हणून प्रमाण एक तांब्या, एक लिंबू, गाळून. लिंबू महाग असेल तेव्हा किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पाव चहाचा चमचा एका लिटरला. धरणाचं किंवा आरओचं पाणी असेल तर त्याच्या निम्मं पुरे. हे पाणी केसांच्या लांबीवर ओता आणि मिनिटभर राहू द्या.

चेहऱ्यावर, मानेवर लिंबाचं पाणी राहू देऊ नका. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि वर ऊन लागलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात, फोडही येतात. आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे विसरून चालत नाही. न्हाऊन लगेच शेतात जायचं असेल तर त्या दिवशी लिंबू सोडा.

कंडिशनर वापरत असाल तर तो आता, आणि फक्त कानाखालच्या लांबीला. त्यातलं बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड धन प्रभाराचं असतं. ते केसावर पातळ बसतं आणि खवले मिटवायला मदत करतं. जोडीला असलेलं सिटिल अल्कोहोल हे दारूसारखं कोरडं करणारं अल्कोहोल नव्हे, तो मेणासारखा मऊ पदार्थ आहे. ते नाव बघून घाबरू नका.

आणि शेवटचे दोन-तीन तांबे मऊ पाण्याचे. नळाचं, आरओचं, पावसाचं, जे असेल ते. मागे सांगितलं तसं थर धुताना बसतो, आणि जे पाणी केसांत राहून वाळतं त्यातलेच क्षार केसांवर उरतात. म्हणून राखून ठेवलेलं चांगलं पाणी सगळ्यात शेवटी खर्च करायचं. घरात चार बायका आठवड्यातून दोनदा न्हात असतील तर तीन तांब्यांच्या हिशेबाने आठवड्याला २४ लिटर लागतात, म्हणजे आरओच्या एका कॅनपेक्षा थोडं जास्त. सासूबाईंना हा हिशेब मांडून दाखवा. पिण्याचं पाणी डोक्यावर ओतायचं म्हटलं की घरात कुरकुर होते, आणि पाण्याची ओढ सोसलेल्या घरात ती रास्तच आहे. पण शाम्पू-तेलाच्या खर्चापुढे एक कॅन जड नाही.

करून पाहिलं, तरी जमलं नाही

लिंबू लावल्यावर केस उलटे तेलकट, मेणचट झाले, ही तक्रार हमखास येते. केसांवर साबणाचा जुना थर असेल तर आम्लाने तो फुटतो आणि त्यातून स्निग्धाम्ल मोकळं होतं. ते तेलकटच असतं आणि पाण्याने जात नाही. म्हणून साबण सोडल्यावरच्या पहिल्या एक-दोन न्हाण्यांत क्रम उलटा करा. आधी लिंबाचं पाणी पाच मिनिटं, मग शाम्पू, मग शेवटचं मऊ पाणी. थर निघून गेला की नेहमीच्या क्रमावर या.

पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की साबणाला फेस येतो, हे खरं. सोड्याने कॅल्शियम खाली बसतो. पण त्या पाण्याचा सामू ११ पर्यंत चढतो. कपड्यांना ठीक, केसांना आणि कातडीला अजिबात नको. खाण्याच्या सोड्याने डोकं धुण्याचे व्हिडिओही सोडून द्या.

तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, जडपणा कमी होत नाही. पाणी उकळून, रात्रभर निवू देऊन वरचं वर घेतलं तर बायकार्बोनेटचा जडपणा बराच उतरतो. बंबाच्या तळाला जो पांढरा दगडी थर बसतो तो तोच. क्लोराइड आणि सल्फेटच्या रूपातला जडपणा मात्र कितीही उकळलं तरी राहतो, आणि खारपाणपट्ट्यात तो भरपूर आहे. वर सरपण जाळावं लागतं.

नळाच्या तोटीला लावायचे 'शॉवर फिल्टर' बहुतेक कार्बनचे असतात. ते क्लोरीन कमी करतात, कॅल्शियम काढत नाहीत. पाइपवर चुंबक बसवूनही पाण्यातला कॅल्शियम तेवढाच राहतो. खरा सॉफ्टनर म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांची, रेझिनची टाकी, जिला मधूनमधून मिठाचं पाणी देऊन ताजं करावं लागतं. छतावर टाकी असलेल्या घराला तो परवडत असेल तर उपयोगी आहे. त्यातून निघणारं मिठाचं पाणी परसातल्या झाडांना घालू नका, आमची काळी जमीन आधीच सोडियमने बिघडलेली आहे.

अंगाची कातडी

साबणाचा तोच थर मानेच्या वळीत, कोपराच्या खाचेत, पोरांच्या मांडीत बसतो. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये दाखवलं की जड पाण्याने धुतल्यावर लॉरिल सल्फेट कातडीवर जास्त उरतं आणि त्याने जळजळ वाढते. इसब असलेल्यांना, आणि कातडीचं कवच जन्मतः कमकुवत असलेल्यांना याचा त्रास अधिक. पण त्याच देशात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत घरी सॉफ्टनर बसवल्याने मुलांचा इसब कमी झाला नाही. म्हणून इसबाच्या पोरासाठी यंत्रावर पैसे घालण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

घरच्या घरी करण्यासारखं हे: साबण फक्त बगल, जांघ, पाय आणि मळलेल्या जागी. कातडी फार उलत असेल तर सोडियम कोकोइल आयसेथायोनेट हे नाव यादीत पहिलं असलेली वडी घ्या. तिचा सामू कातडीच्या जवळ असतो आणि जड पाण्यात तिचा साका फारच कमी होतो. महाग आहे, पण घरातल्या एका लहान मुलापुरती बरीच पुरते. अंग टिपून, ओलसर असतानाच खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. कोरड्या कातडीवर नंतर चोळण्यापेक्षा तेव्हाचं पाणी आत कोंडणं जास्त उपयोगी. निव्वळ ग्लिसरीन उललेल्या कातडीवर झोंबतं, त्यात पाणी मिसळा.

गोल, कडेला लाल, खाजरे चट्टे असतील तर ते बहुधा गजकर्ण असतं, पाण्याचा दोष नाही. मेडिकलमधून 'तीन औषधांची' ट्यूब आणून लावू नका. तिच्यावर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत वाढत राहते आणि ट्यूब थांबवली की चट्टा दुप्पट होऊन परत येतो.

केस गळणं हे वेगळं दुखणं

गळालेला केस उचलून बघा. टोकाला बारीक पांढरा गोंडा असेल तर तो मुळापासून आला आहे. गोंडा नसेल आणि केस आखूड असेल तर तो मधे तुटला आहे. जड पाण्याच्या राठपणामुळे गुंता होऊन केस मधे तुटू शकतो. केसाची ताकदच कमी होते का, यावर दोन लहान अभ्यासांचे निष्कर्ष वेगवेगळे आहेत. २०१३ च्या अभ्यासात फरक दिसला नाही, २०१८ च्या अभ्यासात दिसला. मुळापासून गळण्याचं कारण मात्र शरीराच्या आत शोधावं लागतं. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस झुपक्याने जातात आणि बहुतेकांचे परत येतात. रक्तात लोह कमी असेल, थायरॉइड बिघडला असेल तरी गळतात. तिथे हिमोग्लोबिन तपासून घ्या, मी किंवा कोणतंही पार्लर त्यावर उपाय देऊ शकत नाही.

शेगाव तालुक्यातल्या गावांत २०२५ च्या सुरुवातीला माणसांचे केस हातात येऊ लागले, थोड्याच दिवसांत टकलं पडली, तेव्हाही पहिला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून रेशनच्या गव्हात सेलेनियम हे मूलद्रव्य फार जास्त असल्याचं मांडलं. त्या दिवसांत किती बायकांनी घाबरून डोकं धुणंच बंद केलं. म्हणून सांगते, एकाच वेळी घरातल्या अनेकांचे केस मुळापासून सुटू लागले तर लिंबू पिळत बसू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.

पावसाळ्याची तयारी

मऊ पाण्याचा सगळ्यात स्वस्त साठा आपल्या पत्र्यावर पडतो. १० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की हिशेबाने १०० लिटर पाणी होतं, उडून-सांडून थोडं कमी धरा. मृगाचे पहिले एक-दोन पाऊस पत्रा धुवायला सोडून द्या, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. नंतर पन्हाळीखाली ड्रम ठेवून तोंडाला दुहेरी सुती कापड बांधा. औषधाचे, फवारणीचे रिकामे डबे किंवा ड्रम यासाठी कधीही वापरू नका, कितीही धुतले तरी नाही. ड्रमचं झाकण घट्ट हवं, डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. हे पाणी पिण्याला नको, पण शेवटच्या तीन तांब्यांसाठी याच्याहून चांगलं पाणी आपल्या गावात दुसरं नाही, आणि झाकून सावलीत ठेवलेला दोनशे लिटरचा एक ड्रम चार बायकांच्या घराला दोन महिने पुरतो.